एकशे दहाच्या पुढचा बाण

सोमवारी दुपारी ताईचा फोन आला तेव्हा मी नुकतीच यादी काढून संपवली होती आणि स्वतःवर फार खूश होते. मी स्वतःवर खूश असले की आमच्या ऑफिसात लोक सावध होतात. एकओळी तर तोंडावर म्हणतो, "ही हसतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." एकओळी हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. वीस ओळींचं काम एका ओळीत लिहिल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, म्हणून त्याला हे नाव पडलं. ठेवलं मीच.

यादी होती लहान मुलांच्या कानांची. रुग्णालयाच्या माणसांनी चार महिने बालवाड्या पालथ्या घालून मुलांचे कान तपासले होते, आणि प्रत्येक मुलाचे आकडे फाईलमधून आमच्याकडे येत होते. आमच्या प्रोग्रामने त्यातून कमी ऐकू येणारी मुलं निवडायची, सगळ्यात कमी ऐकू येणारं मूल सगळ्यात वर ठेवायचं, आणि तेवढ्याच घरी पत्रं काढायची. पुढच्या महिन्यात बाहेरगावचे तज्ज्ञ चार दिवसांसाठी येणार होते. त्यांच्याकडे जागा साठ मुलांपुरती. यादीतली वरची साठ त्यांच्याकडे जाणार, आणि ज्याचा नंबर हुकला त्याला ते पुन्हा भेटणार वर्षाने.

ताईची मुलगी त्या तपासणीत होती. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी गोल गोल फिरत राहते आणि धपकन पडली की खदखदून हसते. चार वर्षं पुरी होत आली होती आणि ती बोलत नव्हती. 'आ' आणि 'बा' एवढ्यावर तिचा सगळा कारभार चालायचा. आई म्हणायची, "ही धाकटीसुद्धा साडेतीन वर्षांची होईपर्यंत गप्प होती. आता बघा, थांबवून थांबते का!" ही धाकटी म्हणजे मी. ताईला आईचं म्हणणं दिवसा पटायचं आणि रात्री पटायचं नाही. भाऊजी वर्षातले आठ महिने जहाजावर, त्यामुळे काळजी करायला ती एकटी.

"तुझ्याकडे ती यादी आहे ना?" ताई म्हणाली. "पावतीवरचा नंबर सांगते. बघ ना गं जरा."

असं बघायची परवानगी नसते. पण ताई ती ताई. मी अठराशे सेहेचाळीस हा नंबर घातला. दोनशे बारा मुलांच्या यादीत तो कुठेच नव्हता.

"नाहीये," मी म्हणाले. "तुला पत्र येणार नाही. कान ठणठणीत आहेत तिचे."

ताई हसली. "बघ! मला वाटलंच होतं. हट्टी आहे फक्त. बापावर गेलीय नुसती." तिने एका खासगी डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली होती, ती रद्द करून टाकते म्हणाली. मीही म्हणाले, कर. हे सगळं दोन मिनिटांत झालं आणि मी चहा प्यायला गेले.

बुधवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला. कान तपासणाऱ्या बाई होत्या. सगळं गाव त्यांना कानाच्या बाई म्हणतं, तर मीही तेच म्हणते. बाईंना नमस्कार-चमत्काराची सवय नाही.

"आमच्या वहीत तीन हजार एकशे अठरा मुलं आहेत. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या यादीच्या तळाशी तीन हजार एकशे सात लिहिलंय. अकरा मुलं कुठे गेली?"

"दुबार नोंदी असतील," मी म्हणाले. आमच्या धंद्यात हे वाक्य कायम खिशात असतं.

"दुबार मी स्वतः काढल्यात. पेन्सिलने."

पेन्सिलपुढे माझं काही चाललं नाही. बघून सांगते म्हणाले. साहेबांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "तीन हजारांत अकरा? सोड. शुक्रवारी यादी द्यायचीय." हिशोबाने त्यांचं बरोबरच होतं. पण माझ्यात एक खोड आहे, एकदा डोक्यात किडा वळवळायला लागला की मला दुसरं काही सुचत नाही. अकरा गेली हे कळलं होतं. कोणती गेली आणि तीच का गेली, हे मला बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर प्रोग्राम माझा होता, त्यामुळे चोर सापडला तर तो घरचाच असणार याचा अंदाजही होता.

इथे आमची काम करायची पद्धत थोडी सांगायला हवी. यादीतलं एकेक मूल हातात घेऊन त्याचं काय करायचं हे सांगत बसणं आम्ही केव्हाच सोडलं. आता आम्ही एकदाच सांगतो: या यादीतल्या प्रत्येकावर हे काम कर आणि जे निघेल त्याची नवी यादी दे. मग त्या यादीवर पुढचं काम. तीन हजार मुलं एका टोकाने आत जातात, दोनशे बारा दुसऱ्या टोकाने बाहेर येतात, मधे कुणाचा हात लागत नाही. वाचायला फार देखणं असतं ते. अडचण एवढीच, की एखाद्याच्या नोंदीत आकड्याच्या जागी भलतंच काही निघालं, तर काम तिथे अडतं आणि त्या एकापायी सगळी गाडी जागच्या जागी थांबते. सुरुवातीला ती रोज थांबायची. एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत मी एक ओळ घातली: जिथे अडेल तिथे ते मूल सोड आणि पुढे चल.

त्यानंतर गाडी कधीच थांबली नाही. एकओळीने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि दळणारी मी चार महिने समाधानात होते.

बुधवारी मी ती ओळ काढली आणि प्रोग्राम चालवला. पहिल्या ठेचेलाच त्याने बसकण मारली. एका मुलाच्या चाळीसमधल्या शून्याच्या जागी कुणीतरी इंग्रजी 'ओ' हे अक्षर टाइप केलं होतं. मला हसू आलं. ते दुरुस्त केलं आणि पुन्हा चालवला. पुढची ठेच, एका मुलाच्या आकड्यांच्या जागा कोऱ्याच. वीज गेली असेल, नाहीतर मूल पळून गेलं असेल. ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा चालवला. तिसरी ठेच जरा वेगळी होती. तिथे एकशे दहा हा आकडा नीट लिहिलेला होता, आणि त्याला चिकटून खाली तोंड केलेला एक बारीकसा बाण.

एकओळी चहाचे दोन कप घेऊन येऊन उभा राहिला. "अशी एकेक ठेच मोजत बसलीस तर शुक्रवार इथेच उजाडेल."

"मग काय करू? पुन्हा झाकून टाकू?"

"झाकू कशाला? आणि थांबूही नकोस." त्याने माझी खुर्ची सरकवली आणि कीबोर्ड ओढून घेतला. "प्रत्येक मुलामागे एक डबी द्यायची. डबीत एक तर उत्तर असेल, नाहीतर उत्तर का मिळालं नाही त्याचं कारण. रिकामी डबी चालणार नाही. सगळ्या डब्या शेवटपर्यंत जाऊ देत. टोकाला बसून दोन ढीग करायचे, इकडे उत्तरं, तिकडे कारणं. गाडी थांबत नाही आणि कुणी गळतही नाही."

"हे तुला ठाऊक होतं, तर टाळ्या कशाला वाजवल्यास?"

"ओळ छोटी होती ना," तो म्हणाला, आणि जरा ओशाळला.

अर्ध्या तासात आम्ही ते बसवलं. मला त्या अर्ध्या तासात फार मजा आली, ते लपवत नाही. वहीतल्या अकरा मुलांची अकरा कारणं एकाखाली एक येऊन उभी राहिली. एक 'ओ'वालं, एक कोरं, आणि बाकीची नऊच्या नऊ बाणवाली. नऊ ठिकाणी एकशे दहा, नऊ ठिकाणी खाली तोंड केलेला बाण, दोन्ही कानांना.

"कचरा अक्षर आहे," एकओळी म्हणाला. "मशीनची फाईल आपल्याकडे येताना असलं काहीबाही चिकटतं. पुसून टाक. नाहीतर सरळ, वाचता आलं नाही की शून्य धर. शून्याने कुणाचं नुकसान होत नाही."

मी सातव्या ओळीकडे बघत होते. अठराशे सेहेचाळीस.

म्हणजे भिंगरी यादीत नव्हती ती कान चांगले म्हणून नव्हे. तिच्यापाशी माझा प्रोग्राम अडला आणि तिला ओलांडून पुढे गेला. तिचे कान कसे आहेत हे त्याने बघितलंच नव्हतं. आणि मी, चहाच्या नादात, ताईला छातीठोकपणे ठणठणीत म्हणून सांगून मोकळी झाले होते.

तरीही मी ताईला फोन केला नाही. नीट कळल्याशिवाय कशाला घाबरवायचं, असं स्वतःला समजावलं. कदाचित एकओळी म्हणतो तसा कचराच असेल, तो पुसला की खरा आकडा पुढे येईल आणि सगळं ठीक निघेल. पण मला ते पटत नव्हतं. कचरा असता तर तो कुठेही दिसला असता, वीसला चिकटला असता, पंचेचाळीसला चिकटला असता. हा फक्त एकशे दहाला चिकटत होता, आणि नऊच्या नऊ वेळा. कचऱ्याला एवढी शिस्त नसते. संध्याकाळभर मी तीन हजार नोंदी उलटसुलट चाळल्या आणि एकही बाण दुसरीकडे सापडला नाही. बाणाशिवायचं एकशे दहाही सापडलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला मी कानाच्या बाईंच्या दारात उभी होते. त्यांची खोली म्हणजे खोलीतली खोली. बाहेर टेबल, त्यावर रेडिओएवढं यंत्र, आणि काचेपलीकडे एक छोटी कोठडी. कोठडीच्या भिंतींना जाड करडा स्पंज, मधे बुटकी खुर्ची, आणि जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची टोपली.

"अकरा सापडली," मी म्हणाले. "पण त्यातल्या नऊ जणांच्या आकड्यापुढे बाण आहे. तो काय आहे?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही प्रोग्राम लिहिलात, आणि तुम्हाला बाण ठाऊक नाही?"

"नाही."

"बसा आत."

त्यांनी मला त्या बुटक्या खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले आणि दार लावलं. दार लागलं आणि सगळं जग गेलं. माझा मलाच श्वास ऐकू यायला लागला, आवंढा गिळला तर तोही. मग अगदी लांबून यावी तशी एक बारीक शिट्टी आली. मी हात वर केला. ती आणखी बारीक झाली, मी पुन्हा हात वर केला. काचेपलीकडे बाई लिहीत होत्या. मला उगाचच परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं आणि पहिलं यायची इच्छा होत होती.

बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. "उजवा पाच, डावा दहा. छान आहेत. हे आकडे म्हणजे किती मोठा आवाज केल्यावर तुम्हाला कळलं ते. जितका आकडा लहान, तितका कान चांगला. शून्य म्हणजे उत्तम."

"शून्य म्हणजे उत्तम?" मी विचारलं. आमचा एकओळी कालच ती नऊ शून्यं भरायला निघाला होता.

"आता हात पुढे करा." त्यांनी हेडफोनची एक वाटी माझ्या तळहातावर उपडी ठेवली आणि यंत्राची चकती शेवटपर्यंत फिरवली. तळहाताला गुणगुण जाणवली, भुंगा मुठीत धरल्यासारखी. वाटी हातावर दाबलेली असूनही तो आवाज खोलीभर कानात टोचत होता. "हे एकशे दहा. यंत्राच्या अंगात याच्यापुढे काही नाही. हा आवाज लावते आणि मुलाकडे बघते. काही जण दचकतात, काही रडतात. आणि एखादं मूल तसंच ठोकळे रचत बसतं. मान वर करत नाही. त्याच्यासाठी मी काय लिहू?"

मी हात मागे घेतला.

"आकडा नाहीच त्याला. यंत्र संपलं, पण त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून एकशे दहा लिहायचं आणि पुढे बाण काढायचा. आमच्या तक्त्यावर मोठा आवाज खाली असतो, म्हणून याच्याही खाली कुठेतरी, असा. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं नसेल."

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. ती नऊ नोंदी चुकलेल्या नव्हत्याच. त्या तीन हजारांतल्या सगळ्यात महत्त्वाच्या नोंदी होत्या, आणि उत्तर म्हणून अगदी नेमक्या होत्या. माझ्या प्रोग्रामला फक्त आकडे कळत होते, म्हणून जे उत्तर आकड्यात मावत नव्हतं ते त्याने चूक ठरवलं आणि मी त्याला चुका फेकून द्यायला शिकवलं होतं. ज्यांना थोडं कमी ऐकू येतं त्या दोनशे बारा जणांना पत्रं जाणार होती. ज्यांना काहीच ऐकू येत नाही, तेवढेच नेमके बाहेर राहिले होते.

"पण तुम्ही तेव्हाच आईबापांना का सांगितलं नाहीत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. स्वतःचा राग दुसऱ्यावर काढायची ही माझी जुनी सवय.

"तोंडी काही सांगायचं नाही असा नियम आहे. बालवाडीत गलका असतो, मूल घाबरलेलं असतं, एखाद्या वेळी चुकतं. पत्र देऊन बोलवायचं, पुन्हा तपासायचं आणि मग सांगायचं." त्यांनी माझा कागद टेबलावर ठेवला. "मला वाटत होतं, या मुलांना पत्र सगळ्यात आधी जातंय."

त्यांनी हे शांतपणे म्हटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यातली एक माझी भाची आहे," मी म्हणाले. "पण बाई, दार आपटलं की ती वळून बघते. आई म्हणते, मग ऐकू येतंच की."

"जमीन हादरते ना. सावली हलते, वारा लागतो. ही मुलं फार हुशार असतात. सगळं डोळ्यांनी आणि तळपायांनी गोळा करतात. घरच्यांना कळायला म्हणूनच उशीर होतो." वहीचं पान उलटत त्यांनी विचारलं, "वय काय?"

"चार व्हायचीय."

"मग तिला या वेळच्याच तज्ज्ञांनी बघायला हवं. भाषा शिकायचं वय आहे ते. एक वर्ष गेलं तर पुढे फार जड जातं."

ऑफिसात येऊन मी थेट कामाला बसले. तासाभरात प्रोग्रामला शिकवलं, की उत्तर दोन प्रकारचं असतं: एक आकडा, किंवा आकड्यापलीकडचं. आकड्यापलीकडचं असेल ते सगळ्यात वर ठेवायचं. चालवला. नवी यादी दोनशे बावीस मुलांची झाली, 'ओ'वालं मूलसुद्धा त्यात आलं. कारणांच्या ढिगात फक्त ते कोरं मूल उरलं, त्याला बाईंकडे पुन्हा तपासणीला पाठवायचं ठरलं. दोनशे बावीस आणि एक, उरलेली ठीक, बेरीज तीन हजार एकशे अठरा. यादीच्या डोक्यावर नऊ नंबर होते, आणि त्यांत अठराशे सेहेचाळीस. जागा मिळाली याचा आनंद मानायचा, की ती का मिळाली याचं रडायचं, ते मला कळेना.

एकओळी माझ्या खांद्यावरून बघत होता. "शून्य भरलं असतं तर?" तो हळूच म्हणाला. मी म्हणाले, "गप बस आता," आणि पर्स उचलली. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

ताई मोरीत कपडे पिळत होती. भिंगरी बाहेरच्या खोलीत पालथी पडून फरशीला गाल लावून होती, मला बघून तिने दोन्ही हात पसरले. आई शेजारी गेली होती, ते एक बरं झालं.

"सोमवारी मी तुला चुकीचं सांगितलं," मी दारातूनच म्हणाले. आडपडदा ठेवला असता तर मला ते जमलंच नसतं. "ती यादीत नव्हती, कारण माझ्या प्रोग्रामने तिला वगळलं होतं. माझी चूक आहे, ताई. माझ्या एका ओळीची. आज यादी नीट केली. ती यादीत आहे."

ताईने पिळलेला फ्रॉक बादलीच्या काठावर ठेवला. "म्हणजे थोडं कमी ऐकू येतं तिला?"

"थोडं नाही."

"मग?"

"काहीच नाही गं. बाई पुन्हा तपासतील, मग तज्ज्ञ बघतील. त्यांच्याकडे तिची जागा पक्की आहे. यंत्रं असतात, बरंच काही करता येतं..." मी भराभर बोलत सुटले. ताईने नळ बंद केला. नळ कधीचा चालू होता, तो बंद झाल्यावर मला कळलं.

ती बाहेर येऊन खुर्चीत बसली. ओले हात मांडीवर तसेच. मला वाटलं आता ही माझ्यावर ओरडेल, आणि मी तयार होते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"काल संध्याकाळी तिने दुधाचं पातेलं ओढलं," ताई म्हणाली. "थोडक्यात वाचली. मी मागून ओरडत होते, नको, नको म्हणून. तिने वळूनही बघितलं नाही. आधी मला वाटायचं, बिचारीला काही त्रास असेल, तर मी सोडून द्यायचे. काल वाटलं, कान चांगले आहेत हिचे, ही मुद्दाम करतेय. म्हणून तिला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली."

"ताई..."

"दाराबाहेर उभी राहून मी सांगत होते, चूक झाली म्हण, नुसतं 'आ' म्हण, लगेच उघडते. वीस मिनिटं. ती आत दार बडवत होती आणि मी बाहेरून तिला समजावत होते. तिला वाटलं असेल मी निघून गेले."

काल संध्याकाळी मी ऑफिसात बसून बाण मोजत होते. फोन समोरच होता. मी तो उचलला असता तर ती कडी लागली नसती. एवढं मी ताईला सांगितलं, अगदी याच शब्दांत, आणि मग मला रडू फुटलं. ताई रडली नाही. ती उठली, भिंगरीच्या पुढ्यात जाऊन खाली बसली, आणि ती आपल्याकडे बघेपर्यंत थांबली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती एकटीच होती?"

"कोण?"

"अशी सुटलेली."

"नाही. हिच्यासारखी नऊ."

"मग बाकीची आठ?" ताई म्हणाली. "त्यांच्या घरी कधी कळणार?"

"उद्या यादी जाईल. सह्या होतील. सोमवारी पत्रं निघतील, बुधवार-गुरुवारपर्यंत पोचतील."

"आज गुरुवार आहे." तिने भिंगरीला कडेवर घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "आठ दिवस? ऊठ. मला त्या बाईंकडे ने."

कानाच्या बाई आधी नाही म्हणाल्या. पत्राशिवाय कळवायचा नियम नाही. ताई वाद घालत बसली नाही, तिने फक्त आदल्या संध्याकाळची हकिकत सांगितली, दुधापासून कडीपर्यंत. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि फोन पुढ्यात ओढला. "पुन्हा तपासायला घेऊन या, एवढंच सांगणार. बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "आणि नंबर मी लावणार, तुम्ही बघायचे नाहीत."

बाई प्रत्येक घरी तेवढंच सांगत होत्या, उद्या सकाळी दहाला मुलाला घेऊन या. पहिल्याच फोनवर पलीकडून प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा त्यांनी एकदा ताईकडे बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"मी पण आईच आहे," ताई म्हणाली. "माझ्या मुलीलाही उद्या आणतेय. तुम्हाला एकच सांगायचं होतं. आज रात्री त्याला कशावरून रागावू नका. काही सांगायचं असलं तर समोर जाऊन बसा आणि मग सांगा."

दुसऱ्या घरी आजोबा होते, त्यांना दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या घरची आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, परवाच मारलं हो मी त्याला. ताईने तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, ती भिंतीकडे तोंड करून फार हळू बोलत होती. चौथ्या घरी एका पुरुषाने आमची मुलगी चांगली आहे असं सांगून फोन ठेवला, तिथे बाईंनी स्वतः पुन्हा लावून जरा कडक आवाज काढला. भिंगरी काचेच्या कोठडीत ठोकळे रचत होती. मी दारापाशी उभी होते. मला काही काम नव्हतं, आणि निघून जायचं धाडसही नव्हतं.

पाच वाजेपर्यंत सात घरं झाली. आठव्या घरचा फोन कुणी उचलेना. बाईंनी तीनदा लावला. मग वही मिटली, यंत्रावर कापड टाकलं आणि कुलूप हातात घेतलं.

"उद्या सकाळी बघू," त्या म्हणाल्या.

ताई बाकावरून हलली नाही. "अजून एकदा लावा," ती म्हणाली.